चार मिलिमीटरची करामत

ज्यांच्या घरी जुनी स्कूटर होती, त्यांना ‘बोअर करणे’ हा शब्द नवा नाही. सिलिंडर झिजून धूर यायला लागला की फिटर सांगायचा, ‘आता बोअर करावं लागेल.’ मग सिलिंडर आतून कातला जायचा, त्यात पाव-अर्ध्या मिलिमीटरने मोठा ‘ओव्हरसाइज’ पिस्टन बसायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर यायची. या दुरुस्तीत इंजिनाची क्षमता एक-दोन सीसीने वाढलेली असे, पण तिकडे कोण बघतो?

जपानमध्ये मात्र काही मंडळी तिकडेच बघतात. १९८९ साली बाजारात आलेली निसानची स्कायलाइन जीटी-आर घ्या. सहा सिलिंडर एका रांगेत, दोन टर्बो, म्हणजे सिलिंडरात हवा दाबून भरणारे पंखे, क्षमता २५६८ सीसी आणि ताकद २८० पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. तीही कागदोपत्री, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असा जपानी कंपन्यांचा आपसांतला समझोता होता. १९९० ते १९९३ या काळात या गाडीने जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत ओळीने २९ शर्यती जिंकल्या. इतक्या गुणी इंजिनाची क्षमताही निसानच्याच निस्मो या शर्यत विभागाने पुढे ‘४००आर’ आणि ‘झेड-ट्यून’ या गाड्यांसाठी वाढवून २७७१ सीसी केली. पहिलीची ताकद ४०० पीएस, दुसरीची ५००.

गणित शाळेतलेच आहे: सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक. मूळ सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७३.७. व्यास एक मिलिमीटरने वाढवला तर सहा सिलिंडर मिळून साठेक सीसी हाती लागतात. स्ट्रोक चार मिलिमीटरने वाढवला तर एकशे एकोणचाळीस. दोन्ही केले की २०३ सीसी. वाढ जेमतेम आठ टक्के.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, एवढ्यासाठी इंजिन खोलायचे कशाला? टर्बो वातावरणाच्या एक बार दाबावर आणखी एक बारचा दाब देत असेल, तर तो आणखी ०.१६ बारने वाढवला की ढोबळ हिशेबाने तेवढीच जादा हवा सिलिंडरात जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तर उधार आणि रोख यांच्या फरकात आहे.

टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर. जास्त ताकदीसाठी मोठा टर्बो लावला की तो फिरवायला धूरही जास्त लागतो, आणि इंजिन मंद फिरत असताना तो पुरेसा नसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा आणि ताकद यायची वाट बघत बसावे, हाच तो ‘टर्बो लॅग’. म्हणजे टर्बोची ताकद उधारीची, वसूल होईपर्यंत हातात काही नाही. क्षमता मात्र रोख असते. वाढलेले सीसी पहिल्या फेऱ्यापासून जास्त हवा ओढतात, जास्त धूर सोडतात आणि तोच टर्बो लवकर जागा होतो. फायदा तिथेच आहे.

पण रोखीलाही किंमत मोजावी लागते. स्ट्रोक चार मिलिमीटरने वाढला की पिस्टन दोन मिलिमीटर वर आणि दोन खाली जास्त जातो. तो वर सिलिंडरच्या झाकणावर, म्हणजे हेडवर, आपटू नये म्हणून त्याची पिन वरच्या अंगाला सरकवलेला पिस्टन तरी हवा, नाहीतर आखूड कनेक्टिंग रॉड. हेडमधली जागा तशीच ठेवली तर हवा दाबली जाण्याचे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन, ८.५ वरून ९.१ च्या आसपास पोचते, आणि टर्बोच्या दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटून ‘नॉकिंग’ सुरू होते. पिस्टनला छिद्र पाडायला ते पुरेसे आहे. म्हणून पिस्टनचा माथाही खोलगट घ्यावा लागतो. शिवाय मिनिटाला ८००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.७ मीटरवरून २०.७ वर जातो. रॉड आणि त्याचे बोल्ट हा ताण सोसतात, तोही दर फेऱ्याला.

बोअरलाही मर्यादा आहेच. सिलिंडरची भिंत जितकी कातावी तितकी पातळ होते आणि टर्बोचा दाब याच भिंतीवर येतो. म्हणून जाणते कारागीर आधी अल्ट्रासाउंडने तिची जाडी मोजतात. होनिंग, म्हणजे भिंतीला शेवटची घासाई, करतानाही ब्लॉकवर हेडऐवजी जाड पोलादी प्लेट बोल्टने आवळतात, कारण हेड आवळल्यावर सिलिंडर केसभर वाकडा होतो. गोल हवा तो तेव्हा, मोकळा असताना नव्हे.

हे वाचून आपल्या गाडीकडे बघत हात शिवशिवत असतील, तर आधी आरसी बुक उघडा. त्यात सीसीचा रकाना आहे. आरसीतला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. असली इंजिने शर्यतीच्या ट्रॅकवरच शोभतात.