साठ टक्के, पण कशाचे?

क्रूझच्या जाहिरातीत भाडं बारीक अक्षरांत असतं आणि सवलत ठळक. ‘दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट’, ‘तिसरा आणि चौथा प्रवासी मोफत’, ‘खिडकीच्या दरात बाल्कनी’, आणि खाली उलटं मोजत जाणारं घड्याळ. गेल्या आठवड्यात आपण केबिनचे प्रकार पाहिले. या सवलती आणि अपग्रेड खरे असतात का, हा या आठवड्याचा विषय. माझ्या मते हा प्रश्नच आधी बदलायला हवा. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, त्यामुळे दुकानदाराने दिलेली सूट तपासता येते. जहाजावरच्या केबिनला अशी छापील किंमत नाही. तिचं भाडं मागणीप्रमाणे खालीवर होत राहतं, आणि ज्या ‘मूळ’ दरातून सूट वजा होते तो दरही कंपनीच ठरवते. तेव्हा सूट किती हे विचारून हाती काही लागत नाही. त्याच जहाजावर, त्याच तारखेला, त्याच केबिनसाठी शेवटी खिशातून किती जाणार, एवढंच विचारण्यासारखं आहे.

साठ टक्क्यांचीच योजना घेऊ. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने ती गेल्या काही वर्षांत वारंवार चालवली आहे. सूट फक्त दुसऱ्या प्रवाशाच्या भाड्यावर असते, पहिला पूर्ण भाडं भरतो. केबिनमध्ये माणसं दोन, म्हणजे एकूण भाड्यावरची सूट झाली तीस टक्के. शिवाय कर, बंदर-शुल्क आणि कर्मचाऱ्यांसाठीची रोजची ग्रॅच्युइटी यांवर कसलीच सूट नसते. समजा सात रात्रींच्या सहलीचं मूळ भाडं माणशी १,४०० डॉलर आहे. दोघांचे झाले १,४०० अधिक ५६०, म्हणजे १,९६०. कर आणि बंदर-शुल्काचे ३०० धरू. ग्रॅच्युइटी रोज माणशी १८ डॉलरने २५२. एकूण २,५१२. पुढच्या आठवड्यात तीच सूट कायम ठेवून ‘वर जहाजावर खर्चायला १०० डॉलर भेट’ अशी जाहिरात आली आणि दरम्यान मूळ भाडं १,५०० झालेलं असलं, तर दोघांचं भाडं २,१०० आणि एकूण २,६५२ होतं. शंभर डॉलरची भेट मिळवण्यासाठी १४० डॉलर जास्त मोजले गेले, आणि ती भेटही जहाजावरच्या दुकानात, बारमध्ये किंवा किनाऱ्यावरच्या सहलींवरच संपवायची. जानेवारी ते मार्च हा या धंद्यातल्या ऑफरचा मोठा हंगाम. त्या दिवसांत नुसत्या जाहिराती चाळून हा फरक कळणं अशक्यच आहे. तो कळतो ज्याने आधीच्या आठवड्यातला एकूण आकडा लिहून ठेवला आहे त्याला.

जाहिरातीतला आकडा आणि भरायची रक्कम या किती वेगळ्या गोष्टी आहेत, याचा चांगला पुरावा अमेरिकेत मिळाला. सरकारी कर सोडून सक्तीचे बाकी सगळे आकार जाहिरातीतल्या किमतीतच धरले पाहिजेत, असा कायदा कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४ पासून लागू झाला. मोठ्या क्रूझ कंपन्यांनी एका राज्यापुरती वेगळी व्यवस्था न करता साऱ्या अमेरिकेतच कर आणि बंदर-शुल्क मिळवून दर दाखवायला सुरुवात केली. एका रात्रीत जाहिरातीतले दर चढले, प्रवाशाचं बिल मात्र होतं तेवढंच राहिलं. ग्रॅच्युइटी तेव्हाही बाहेरच राहिली, कारण कागदोपत्री ती ऐच्छिक आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या तेरा प्रकारांत खोटी घाई दाखवणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हे दोन्ही आहेत. सूचना चांगल्या आहेत, पण पैसे भरायच्या पानावर शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन बेरीज पाहण्याचं काम त्या आपल्या वतीने करत नाहीत.

कंपन्या अशा सवलती का देतात हे कळलं, की कोणती आपल्या कामाची हेही उमगतं. रॉयल कॅरिबियनच्या वार्षिक अहवालांत एकूण उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग तिकिटांबाहेरचा दिसतो: पेयं, कॅसिनो, इंटरनेट, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली. रिकामी केबिन तिकिटाचे पैसे आणत नाही आणि हा वरचा खर्चही करत नाही. दुसरी गोष्ट, या धंद्यात जहाजाची भरती प्रत्येक केबिनमागे दोन माणसं धरून मोजतात. म्हणून भरतीचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकतो, आणि रॉयल कॅरिबियनचा तो २०२३ मध्ये गेलाही होता. केबिनमधला तिसरा-चौथा बर्थ हा कंपनीच्या दृष्टीने वरचा लाभ. ‘मुलं मोफत’ ही म्हणूनच बऱ्याचदा खरी सवलत असते. मात्र मोफत असतं ते फक्त भाडं. त्या मुलाचे कर, बंदर-शुल्क आणि ग्रॅच्युइटी पूर्ण लागतात. सात रात्रींत ती रक्कम दोनशे-अडीचशे डॉलरच्या घरात सहज जाते.

‘मोफत’ पेय-पॅकेजचा हिशेब जास्त बारकाईने करावा लागतो. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या ‘फ्री ॲट सी’ योजनेत पेयं मोफत म्हणून मिळतात, पण पॅकेजच्या दर्शनी किमतीवर वीस टक्के ग्रॅच्युइटी प्रवाशाकडून घेतली जाते. दर्शनी किंमत रोजची शंभर डॉलर धरली, तर सात दिवसांचे दोघांचे २८० डॉलर झाले. रोज चार-पाच कॉकटेल घेणाऱ्याला हे स्वस्त आहे. ज्या जोडप्यात एकजण संध्याकाळी बिअर घेतो आणि दुसरी व्यक्ती दारूला शिवतही नाही, त्यांना ते महाग. पॅकेज विकत घ्यायचं म्हटलं तर आणखी एक अट आड येते. रॉयल कॅरिबियनचं मद्याचं पॅकेज एकाने घेतलं की सर्वसाधारण नियमाने त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. साधं पाणी, चहा-कॉफी आणि बुफेचं जेवण भाड्यातच असतं. आपण एरवी जे विकत घेतलं असतं तेवढंच मोल पॅकेजला द्यावं, त्याच्या दर्शनी किमतीचं नव्हे.

अपग्रेडमध्ये माणूस जास्त फसतो, कारण तिथे पैशांबरोबर जागाही बदलते. केबिनचे ढोबळ वर्ग चार: आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. प्रत्येक वर्गात पुन्हा मजल्याप्रमाणे आणि जागेप्रमाणे अनेक उपवर्ग. ‘मोफत अपग्रेड’ अनेकदा या उपवर्गांतच होतं: बाल्कनी तीच, मजला वरचा. आणि समुद्रात वरचा मजला म्हणजे जास्त चांगला असं मुळीच नाही. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, वर आणि टोकांना सर्वांत जास्त. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी मध्यावरच्या खिडकीकडून नाळेजवळच्या बाल्कनीत जाणं हे नुकसान आहे. पोहण्याच्या तलावाच्या मजल्याखालची केबिन मिळाली, तर डोक्यावर भल्या पहाटे आरामखुर्च्या ओढल्याचा आवाज. काही बाल्कन्यांसमोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात, मग समुद्र दिसायचा तो नौकेच्या कडेवरून. जहाजाचा नकाशा उघडायचा, आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहायचं. हे दहा मिनिटांचं काम कुठल्याही ऑफरपेक्षा मोलाचं.

बोली लावून अपग्रेड घेण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. रॉयल कॅरिबियनची ‘रॉयलअप’ ही त्यातली एक. पडद्यावर प्रत्येक वर्गासमोर एक पट्टी असते. ती सरकवली की बोली वाढते आणि काटा ‘कमकुवत’कडून ‘भक्कम’कडे जातो. हा काटा शक्यता सुचवतो, किंमत योग्य आहे की नाही हे सांगत नाही. बोली माणशी असते, म्हणजे १५० डॉलर लिहिले की केबिनला ३०० लागतात, आणि एकटा प्रवासीही दोघांचेच भरतो. बोली मंजूर झाली की पैसे परत नाहीत, केबिनची जागा आपण निवडायची नाही, आणि निष्ठा-योजनेचे गुण मूळ केबिनप्रमाणेच मिळतात. स्वीट मिळाला तर रोजची ग्रॅच्युइटीही स्वीटच्या दराने. म्हणून बोली लावण्याआधी एक आकडा हाताशी हवा: आरक्षण केलं त्या दिवशी आतली केबिन आणि बाल्कनी यांत फरक किती होता? तो माणशी २०० असला आणि आता १५० ची बोली लागत असली, तर माणशी पन्नास डॉलर वाचवण्यासाठी जागा निवडण्याचा हक्क सोडला, एवढाच त्याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, की सहल म्हणजे वाण्याची वही नव्हे, बाल्कनीतून दिसणाऱ्या समुद्राला किंमत कशी लावणार? आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध नाही. अलास्कात हिमनद्यांसमोर जहाज तासन् तास रेंगाळतं, तिथे स्वतःची बाल्कनी असणं हा सहलीचा गाभा ठरू शकतो. मुंबईहून निघून गोव्याला जाणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या सहलीत मात्र प्रवासी जागेपणी केबिनमध्ये किती वेळ असतो? जेवण, कार्यक्रम, डेक, मित्रमंडळी यांतच दिवस जातो. त्याच पैशांत सरळ आणखी एक रात्र घेता येत असेल तर ती घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप असा, की शेवटच्या क्षणापर्यंत थांबलं तर दर आपोआप पडतात. फ्लोरिडात बंदराजवळ राहणाऱ्या निवृत्त जोडप्यासाठी हे अनेकदा खरं आहे. पुण्याच्या कुटुंबाला सिंगापूर किंवा बार्सिलोनाहून जहाज पकडायचं, तर व्हिसा आणि विमानाचं तिकीट आड येतं. केबिनमध्ये वाचलेले पैसे विमानात जातात. शिवाय चार बर्थच्या केबिन मोजक्या असतात आणि मेच्या सुट्टीत त्या आधी भरतात. आपल्यासाठी खरी सवलत बहुधा सुट्ट्यांबाहेरच्या तारखांत आणि थोड्या जुन्या जहाजांत सापडते. त्या तारखांना फारसं ठळक लेबल लागत नाही.

आरक्षण एजंटमार्फत करत असाल, तर ओळवार बिल लेखी मागा: भाडं, बंदर-शुल्क, ग्रॅच्युइटी, जीएसटी. शेवटचा हप्ता भरायच्या आत दर पडला तर फरक मिळतो का, हेही त्याच कागदावर असू द्या, कारण ही सोय सगळ्याच दरांत असते असं नाही. परदेशातली सहल पॅकेज म्हणून विकली असेल, तर टीसीएसची (विक्रीच्या वेळीच घेतल्या जाणाऱ्या कराची) ओळही येईल. तो कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे तो खर्च नव्हे, काही महिने अडकलेला पैसा. दोन एजंटांचे आकडे शेजारी ठेवताना एकाने ती ओळ धरली आणि दुसऱ्याने वगळली, असं तर झालेलं नाही ना, ते आधी पाहा.