पत्रा अख्खा उतरला पाहिजे

जुन्या शेडच्या छपरावरचा जे-बोल्ट पान्याने सुटत नाही. चाळीस पावसाळ्यांचा गंज खाऊन तो पत्र्याशी एकजीव झालेला असतो. कामगाराचा हात मग आपसूक हातोड्याकडे जातो. दोन घाव घातले की पत्रा फुटतो, बोल्ट मोकळा. या दोन घावांचीच मला धास्ती आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली ही शेड. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली वसाहत. इथले जुने कारखाने आता एकेक करून पडतायत. इमारत पाडण्याआधी तिच्या पोटातलं धोक्याचं सामान शोधून बाहेर काढायचं, हे माझं काम. दारात पोकलेन उभा, त्याचं भाडं चालू, आणि मी टॉर्च घेऊन आत.

ट्यूबलाइट आधी उतरवल्या. प्रत्येकीत थोडा पारा असतो, म्हणून न फोडता खोक्यात रचल्या. खिडक्यांच्या गजांवर जुन्या रंगाचे थरावर थर होते. अशा रंगात शिसं असण्याची शक्यता दाट, आणि त्यावर गॅस कटर धरला की शिशाचा धूर थेट कापणाऱ्याच्या नाकात. म्हणून जिथे कापायचं तेवढा पट्टा आधी ओला करून खरवडून घेतला. मागच्या सेप्टिक टँकमध्ये मात्र कुणालाही उतरू दिलं नाही. तिथला वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. टँकरच्या पाइपने टाकी उपसून घेतली.

खरा वेळ गेला छपरात. पत्र्याचा कोपरा ओला करून पकडीने नखाएवढा तुकडा काढला, पिशवीत बंद केला, तुटल्या कडेवर टेप लावली. नुसतं बघून सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे मलाही सांगता येत नाही. प्रयोगशाळेचा कागद आला : आहे.

मग फवारणीचा पंप आणला, शेतात पाठीवर घेतात तोच. पाण्यात थोडा साबण घातला, म्हणजे पाणी ओघळून न जाता मुरतं. पंप घेतलेला गडी जालन्याचा. कपाशीवर फवारल्यासारखा त्याचा हात सावकाश, सारखा फिरत होता. दुसऱ्याने बोल्ट कटरने बोल्ट तोडला, चौघांनी खालून परांचीवर उभं राहून पत्रा अलगद झेलला. जाड प्लॅस्टिकचे दोन थर, टेप, लेबल. २४० पत्र्यांना चार दिवस लागले. हातोड्याने अर्ध्या दिवसात झालं असतं, आणि याआधीच्या एका साइटवर ते झालेलं मी पाहिलंय. तिथले तुकडे शेजारच्या वस्तीत नाल्यावर फरशीसारखे टाकले होते आणि त्यावरून पोरं शाळेत जात होती.

तिसऱ्या दिवशी एक पत्रा निसटून फुटलाच. एक पोरगा झाडू घेऊन धावला. मी ओरडले, "झाडू नको! पाणी मार आधी!" तो दचकला. त्याच्या लेखी तो साफसफाईच करत होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, झाडूने उडतात आणि छातीत गेले की तिथेच राहतात. आजार उघडा पडतो वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी. तोवर ठेकेदार कुठे, हजेरीपट कुठे? नवऱ्याचे कामाचे कपडे धुऊन बायका आजारी पडल्याच्या नोंदी परदेशात आहेत. म्हणून कामाचे कपडे साइटवरच उतरवायचे आणि आंघोळ करूनच घरी जायचं, यावर मी हटून बसते. निविदेत आंघोळीच्या पाण्याचा खर्च कुणी धरत नाही, तो भांडून घ्यावा लागतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बांधलेले गठ्ठे तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर निघाले. पंपवाला माझ्याजवळ आला.

"ताई, त्यातले चार धड पत्रे गावाकडं न्हेऊ का? गोठ्यावर घालतो."

"नको रे दादा. चार दिवस कशासाठी एवढं जपलं आपण?"

"पण दुकानात तर हेच मिळत्यात की."

मिळतात. आपल्याकडच्या खाणी बंद झाल्या, पण बाहेरून आणलेला अ‍ॅस्बेस्टॉस घालून असे पत्रे करायला आणि विकायला आजही मनाई नाही. त्याला काय सांगणार? गोठ्याची लांबी-रुंदी विचारली आणि जस्ती पत्र्यांचा हिशोब त्याच्याबरोबर मांडायला बसले.