नगरच्या इराण्यांचे मूळ गाव

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या शहराच्या दक्षिणेस दौंड रस्त्यावर अरणगावजवळ असलेले मेहेराबाद हे मेहेरबाबांच्या अनुयायांचे तीर्थस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु इराणच्या यझद प्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या एका समाजाच्या स्थलांतराची खूण म्हणूनही त्याच्याकडे पाहिले पाहिजे. मेहेरबाबा, म्हणजेच मेरवान शेरियार इराणी, यांचा जन्म 1894 मध्ये पुण्यात झाला असला, तरी त्यांचे वडील शेरियार हे यझदलगतच्या खुर्रमशाह या गावचे होते, आणि 1923 मध्ये अरणगावच्या माळावर मेहेरबाबांबरोबर आलेल्या सोबत्यांतही इराणी घराण्यांतील माणसे होती.

येथे ‘पारशी’ आणि ‘इराणी’ यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. दोघेही जरथुश्त्राचे अनुयायी. मात्र पारशांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, तर इराणी म्हणून ओळखली जाणारी कुटुंबे मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत आली. इराणमधील काजार राजवटीत बिगरमुस्लिमांवर बसवलेला जिझिया कर, घोड्यावर बसण्यास आणि उंच घर बांधण्यास असलेली मनाई आणि 1871 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ यांनी यझद-केरमानच्या शेतकऱ्यांना देशोधडीला लावले. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये इराणला पाठवलेले माणेकजी लिमजी हातरिया यांनी तेथील धर्मबांधवांसाठी शाळा व दखमे, म्हणजे मृतदेह ठेवण्याचे मनोरे, उभारले आणि दीर्घ प्रयत्नांनंतर 1882 मध्ये हा कर रद्द करवून घेतला. एका माणसाने परक्या दरबारात चिकाटीने मिळवलेले हे यश मराठी वाचकांना फारसे माहीत नसावे, ही खंतावण्याजोगी गोष्ट आहे.

ज्या भूमीतून पूर्वज बाहेर पडले, तिकडे आप्तांना घेऊन परत जाण्याची ओढ या समाजात जुनी आहे. मेहेरबाबांनी 1929 मध्ये सोबत्यांसह इराणचा प्रवास केला, तेव्हा इस्फहान, यझद, केरमान आणि बम अशी गावे घेत ते फिरले. आज असा प्रवास करू पाहणाऱ्या कुटुंबाला राजकीय परिस्थिती आणि प्रवेशाचे नियम यांचा अंदाज घेऊनच बेत आखावा लागतो. पण त्याहून मोठी अडचण आडनावाची असते. ‘इराणी’ हे आडनाव भारतात रूढ झाले, आणि इराणमध्ये आडनाव कायद्याने सक्तीचे झाले ते 1925 च्या सुमारास, म्हणजे अनेक घराण्यांची एक शाखा भारतात स्थिरावल्यानंतर. त्यामुळे सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावे दोन देशांत वेगवेगळी असू शकतात, आणि आडनावावरून शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उपयोगी पडते ती बापआज्यांच्या नावांची साखळी आणि गावाचे नाव, मग ते तफ्त असो, शरीफाबाद असो, चम असो की मुबारकेह. आणि ही साखळी कागदावर नसून बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते.

म्हणूनच हा प्रवास एकट्यादुकट्याने न करता घरच्या वृद्धांसह आणि ते हिंडते-फिरते आहेत तोवर करावा, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. यझदच्या जरथुश्त्री लोकांची घरगुती बोली ‘दरी’ या नावाने ओळखली जाते, आणि नावसाधर्म्य असले तरी ती अफगाणिस्तानातील दरीहून निराळी आहे. तिचे उच्चार गावागणिक बदलतात, त्यामुळे लहानपणी आजीकडून ऐकलेले चार शब्द एखाद्या वृद्ध आत्याने उच्चारले, तर घराणे कोणत्या गावचे याचा अंदाज ऐकणाऱ्याला बांधता येतो, जो नातवंडांनी जमवलेल्या दाखल्यांवरून बांधता येईलच असे नाही.

गाव सापडल्यावर घर ओळखायचे कसे, तर त्याच्या रचनेवरून. जुनी जरथुश्त्री घरे कच्च्या विटांची आणि बुटकी असून बाहेरून त्यांच्या कोऱ्या भिंतीच काय त्या दिसतात. आत मात्र उघडा चौक असतो आणि त्याभोवती ‘पेस्गम’, म्हणजे चौकाकडे तोंड केलेल्या छपराच्या ओसऱ्या असतात. त्यांतली मोठी ओसरी पूजाविधींसाठी आणि पितरांच्या स्मरणासाठी राखून ठेवलेली असे, आणि तिच्या पावित्र्याला घरातील सारी माणसे जपत.

नगरच्या माणसाला तेथे आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. शिरकुह पर्वताच्या पायथ्याचे पाणी ‘कनात’ या भुयारी कालव्यांतून यझदपर्यंत येते. जमिनीखालून मंद उताराने खोदलेला बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी अशी त्याची रचना असते. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून नगर शहरात आणि बागांत पाणी आणणारे खापरी नळ याच तत्त्वावर चालत. इराणी विद्वान आणि कारागीर यांना आश्रय देणाऱ्या या राजवटीने त्या देशाशी जोडलेले नाते इराणी कुटुंबे येथे येण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

यझद शहरातील आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या पवित्र अग्नीचे मंदिर, 1934 मध्ये भारतातील पारशांच्या देणग्यांतून बांधले गेले. तेथे दर्शनाला जावेच, पण नातलग शोधणाऱ्यांनी शक्यतो जूनच्या मध्यास जावे, कारण त्या दिवसांत वाळवंटातील कड्यावरच्या पीर-ए-सब्ज या तीर्थाची यात्रा भरते, कातळातून थेंब थेंब पाणी झिरपणाऱ्या त्या देवस्थानी तेहरानला किंवा परदेशी गेलेली कुटुंबेही परत येतात, आणि गावोगावच्या मंडळींनी बांधलेल्या निवाऱ्यांत मुक्कामाला असलेल्या वृद्धांना पणजोबांचे नाव सांगून थेट विचारपूस करता येते.