पळस : एका वृक्षाचा जमाखर्च

फाल्गुन लागला की मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेने पळस फुलतो. फांद्यांवर पान उरलेले नसते; दिसते ती केवळ केशरी फुलांची दाटी. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगराळ वनात हा वृक्ष विपुल आहे. लातूरकडील उघड्या माळरानावर आणि शेतांच्या बांधांवरही तो तग धरून आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वतोमुखी असली, तरी त्याचे देणे तिनावर थांबत नाही.

गळून पडलेली फुले वेचून पाण्यात उकळली की पिवळसर केशरी रंग उतरतो. होळीसाठी आणि वस्त्रे रंगविण्यासाठी तो पूर्वापार वापरात आहे. पाने काड्यांनी टोचून पत्रावळी आणि द्रोण होतात. सालीतून पाझरणारा तांबडा डिंक वाळला की किराणा बाजारात ‘कमरकस’ म्हणून येतो व बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. पळसपापडी, म्हणजे या झाडाचे बी, जुन्या वैद्यकात जंतांवरील औषध होते.

याच झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडेही पोसले जातात. किड्यांनी स्रवलेल्या राळेचे कवच खरवडून लाख काढतात. त्यात असंख्य जीवांचा नाश होतो. बांगड्या, पॉलिश, टपालाच्या थैल्यांवरील मोहोर, हे तिचे जुने उपयोग. आज औषधी गोळ्या आणि चॉकलेट यांवरील चकाकीसाठीही ती वापरतात. वेष्टनावर ‘९०४’ हा क्रमांक असेल, तर ती चकाकी लाखेची समजावी.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या वर्णनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत ‘लाक्षावाणिज्य’ स्पष्टपणे वर्ज्य ठरविले आहे. ‘वनकर्म’ही त्याच यादीत असल्याने खुडलेल्या पानांचा व्यापारही सर्वथा निर्दोष म्हणता येत नाही. म्हणजे वृक्ष एकच, परंतु त्याच्या प्रत्येक देण्याचा हिशेब निराळा. गळलेले फूल वेचणे, पान खुडणे, डिंकासाठी सालीवर घाव घालणे आणि लाख खरवडणे, या चढत्या हिंसेच्या पायऱ्या आहेत.

हा विवेक आपल्या पंगतीतही उपयोगी पडतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये थर्माकोल व प्लास्टिकच्या ताटांवर बंदी आली आणि पत्रावळीकडे पुन्हा लक्ष गेले. स्वामीवात्सल्यात धुऊन ठेवता येणारी थाळी सर्वांत श्रेयस्कर. थाळी धुऊन ते पाणी पिण्याची आपली परंपरा तेथेच पाळता येते. ते शक्य नसेल तेथे पळसाची पत्रावळ घ्यावी. मात्र ती ओलसर जागी साठवलेली नसावी आणि जयणेने, दोन्ही बाजू पाहूनच वाढावी. कागदी म्हणून मिळणाऱ्या अनेक ताटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तोही तपासावा.

दुकानात माल भरताना भाव आणि वजन आपण पाहतोच. तो झाडावरून कसा उतरला, हेही त्याच वेळी विचारावे.