काचेतल्या समुद्राचा ताळेबंद

टाकीतल्या समुद्राला भरती-ओहोटी नसते. बिघडलेलं पाणी आपोआप बदलत नाही. प्रवाळ आणि मासे एकत्र ठेवणाऱ्यांनी हे आकडे सांभाळावेत :

● खारेपणा : एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे उरतं. त्यामुळे घटलेली पातळी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरावी. खारं पाणी ओतलं तर मीठ वाढतच जातं.

● तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस.

● पीएच : ८.१ ते ८.४. दिवे मालवले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. रोज ठरावीक वेळीच मोजावा.

● अल्कलिनिटी : ८ ते ११ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचं एकक). पीएचची घसरण हीच रोखून धरते.

● कॅल्शियम : लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम. प्रवाळांचा सांगाडा याच्यावरच उभा राहतो.

● मॅग्नेशियम : लिटरमागे १२५० ते १३५० मिलिग्रॅम. हे कमी पडलं, की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर पंपावर आणि हीटरवर चढू लागतो.

● अमोनिया, नायट्राइट : शून्य. त्यांचा निचरा करणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत.

आकडा चुकला तरी घाई नको. अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये. प्रवाळांना अचानक बदल सोसत नाही.