लेसर कोरीवकाम यंत्र
लेसर कोरीवकाम यंत्र हे एकवटलेल्या प्रकाशकिरणाने पदार्थाचा पृष्ठभाग जाळून अथवा त्याची वाफ करून अक्षरे व नक्षी उमटवणारे यंत्र आहे. लहान कार्यशाळेसाठी त्याची निवड करताना वॅटच्या आधी तरंगलांबी पाहावी. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटरचा किरण लाकूड, चामडे, ॲक्रिलिक व काच शोषून घेतात. उघड्या धातूवरून मात्र तो बहुतांशी परावर्तित होतो. (हा लेसर बारामती येथे जन्मलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केला.) धातूंसाठी सुमारे १.०६ मायक्रोमीटरचा फायबर लेसर वापरतात. स्वस्त निळा डायोड लेसर लाकडावर चालतो, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार जातो. पीव्हीसी कोणत्याही यंत्रात घालू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असून यंत्रही गंजवतो. धूर बाहेर काढणारा पंखा व तरंगलांबीनुसार संरक्षक चष्मा यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.