पोट रिकामं ठेव, आई!

हैदराबादच्या पश्चिमेला, आयटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा रविवार साडेनऊला सुरू होतो. शनिवारी रात्री अमेरिकेच्या वेळेनुसार काहीतरी रिलीज असतं, नाहीतर मित्रांबरोबर उशीर झालेला असतो. मग नाश्ता बुडतो, जेवणाला वेळ असतो, आणि दोन्हींच्या मध्ये 'ब्रंच' नावाची सोय हजर होते. हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने आपल्या लेखात वापरला, तोही याच कारणासाठी: शनिवारी रात्री जागलेल्यांना रविवारी सकाळी लवकर उठायला लागू नये. म्हणजे आळसाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची.

तसं पाहिलं तर माझे आजोबा रोजच ब्रंच करायचे. काचीगुड्याच्या घरातून साडेनऊला वरण-भात, पोळी-भाजी, ताक असं पूर्ण जेवून ते दहाच्या कचेरीला जायचे. फक्त त्याला कोणी ब्रंच म्हणत नव्हतं, आणि त्यात चॉकलेटचं कारंजं नव्हतं.

आई अजून काचीगुड्यालाच राहते. आम्ही कोंडापूरला. मधलं अंतर वीसेक किलोमीटर, पण पंजागुट्ट्याच्या गर्दीत अडकलात तर ते किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. त्यामुळे भेट रविवारीच. आणि रविवारी आईकडे गेलो की ती सकाळी सहापासून ओट्याशी उभी. उसळ, कोशिंबीर, चिंच-गुळाची आमटी, नातीसाठी वेगळं, माझ्यासाठी वेगळं. बायको म्हणाली, "एखाद्या रविवारी त्यांनाही बसू दे ना." पटलं. जुबिली हिल्समधल्या एका हॉटेलात चार जणांचं टेबल बुक केलं. माणशी सोळाशे, अधिक कर. वेळ साडेबाराची.

आदल्या रात्री आईला फोनवर सांगितलं, "सकाळी फार काही खाऊ नकोस हं. पोट रिकामं ठेव. पन्नास-साठ पदार्थ असतात."

"हौ," आई म्हणाली. आमच्या घरात मराठी बोलतानाही होकार हैदराबादीच असतो.

रविवारी तिला आणायला गेलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. ती खणाची साडी नेसून केव्हाची तयार होती. रस्त्यात गर्दी, मग गाडी लावायला रांग, मग "सर, फक्त दहा मिनिटं" म्हणून बाहेरच्या सोफ्यावर बसणं. टेबलावर बसलो तेव्हा एक वाजून गेला होता. मी आधी एक फेरी मारून आलो: दही के कबाब, डोसा काउंटर, चार प्रकारची सॅलड्स, शेवटी खुबानी का मीठा आणि डबल का मीठा. मुलगी कारंज्यापाशी. मी आईला म्हटलं, "सॅलडने पोट भरू नकोस, तिकडे मोठ्या गोष्टी आहेत."

ती काही बोललीच नाही. एसीत बसून तिच्या कपाळावर घाम होता. चमचा उचलला तर हात थरथरत होता. मग तिने माझ्या मुलीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मला वाटलं, म्हातारपण. बायकोने मात्र आईची पर्स उघडून शुगर तपासायचं मशीन काढलं. आकडा आला ५८.

७० च्या खाली गेला की तो आकडा धोक्याचा. एका वेटरच्या लक्षात आलं आणि तो पळत जाऊन आइस्क्रीमसकट ब्राउनी घेऊन आला. बायकोने ती बाजूला ठेवायला लावली. चॉकलेट आणि लोण्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, अशा वेळी साधी साखर, ग्लुकोज किंवा फळांचा रस लागतो. त्याच वेटरने मग कॉफीबरोबर देतात ती साखरेची पाकिटं आणून दिली. पाच-पाच ग्रॅमची तीन पाकिटं पाण्यात ढवळून आईला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८६. त्यानंतर तिने दहीभात मागवून घेतला. साठ पदार्थांमधून दहीभात.

ती शुद्धीवर होती म्हणून हे चाललं. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. आईला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशा दोन गोळ्या चालू आहेत, हे मला नावानिशी माहीत नव्हतं. गोळ्यांचे पैसे मात्र दर महिन्याला मीच भरतो. डॉक्टरांनी सांगितलं की ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, याची ते वाट पाहत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. आईने गोळी रोजच्यासारखी आठला घेतली होती आणि त्यावर खाल्लं होतं अर्धा कप बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं. एरवी साडेआठला तिचा नाश्ता झालेला असतो.

"मग सांगायचं नाही का, की भूक लागलीय?" मी गाडीत जरा चिडूनच विचारलं.

"अरे, तू माणशी सोळाशे भरलेस. घरी उपमा खाऊन आले असते तर तुझे पैसे वाया गेले असते."

यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही. बुफेचे पैसे वसूल करायची विद्या तिला मीच शिकवली होती, आदल्या रात्री, फोनवर.

ब्रंच आम्ही बंद केलेला नाही. बंद केला तर आई पुन्हा सहाला ओट्याशी उभी राहणार. पण आता बुफे नाही. हिमायतनगरकडचं, तिच्या घराजवळचं साधं हॉटेल, जिथे हवं तेवढंच मागवता येतं. वेळ अकराची, आणि बाहेर थांबवणार नाहीत हे आधी फोन करून विचारून. उशिरा जेवायचं असेल त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. स्वतःच्या मनाने गोळी पुढे-मागे करायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुमच्या घरात कोणाची गोळी वेगळी असेल, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. गाडीच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी असते. मुलीने तिच्यावर स्केचपेनने 'आजी' लिहून ठेवलंय, मराठीत, वेलांटीसकट बरोबर.

आणि एक नियम आईने स्वतःच काढला. रविवारी साडेआठला घरच्या ग्रुपवर तिच्या रिकाम्या बशीचा फोटो येतो. परवाच्या फोटोत बशीला उपम्याची दोन शितं चिकटली होती आणि खाली लिहिलं होतं, "खाल्लं. आता उठा आणि निघा."